शेतावर राहायला जाताय? जमिनीआधी तालुका पारखा

शहर सोडून शेतावर कायमचं राहायला जायचं ठरलं की बहुतेक लोक थेट जमिनी बघायला सुटतात. एजंट चार प्लॉट दाखवतो, त्यातला एक मनात भरतो आणि मग त्या एका तुकड्याच्या समर्थनार्थ आपण स्वतःच कारणं शोधत बसतो. मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. इथे येण्याआधी सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातले तालुकेही फिरलो होतो. त्या सगळ्या फिरण्यातून एक क्रम पक्का झाला: आधी तालुका, मग गाव, मग जमीन.

जमिनीचे दोष पैसे आणि कष्ट घालून बरेचसे निस्तरता येतात. कातळ फोडून खड्डे घेता येतात, गाळाची माती आणून टाकता येते, कुंपण घालता येतं. पण तालुक्याचं पाऊसमान, भूगर्भातलं पाणी, रुग्णालयाचं अंतर, मजुरांचं स्थलांतर आणि सरकारच्या टेबलावर पडलेले महामार्गांचे नकाशे आपल्याला बदलता येत नाहीत. राज्यात साडेतीनशेहून जास्त तालुके आहेत. त्यातले तीन निवडायचे आणि शेवटी एकावर यायचं, एवढंच काम या लेखात आहे.

१. तुम्हाला शेतजमीन घेता येते का?

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर शेतजमीन आहे किंवा वारसाहक्काने आली आहे तो. तेव्हा आधी घरातली जुनी कागदपत्रं उघडा. आजोबांची गावाकडे गुंठे-दोन गुंठे जमीन असेल आणि वारस म्हणून तुमचं नाव सातबाऱ्यावर लागलेलं असेल, तर प्रश्न मिटला. नाव लागलं नसेल तर वारस नोंद करून घ्या आणि त्यानंतरच जमिनी बघायला निघा. कित्येकांच्या घरात हा हक्क असतो आणि त्यांना पत्ताच नसतो.

‘शेतकरी दाखला काढून देतो’ म्हणणारे एजंट प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार पुढे कधीही अवैध ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारकांना (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली भारतात शेतजमीन, मळे किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते.

हे काहीच जमत नसेल तर गावठाणातलं जुनं घर किंवा रीतसर बिनशेती झालेला प्लॉट हे दोन सरळ मार्ग उरतात. परसबाग, कोंबड्या, दोन शेळ्या एवढ्यासाठी गावठाणातलं पाच गुंठ्यांचं घर खरं तर पुरेसं असतं. तेवढ्यावर समाधान असेल तर निम्मी डोकेदुखी इथेच टळते.

२. तीन तालुके निवडा, तेही वेगवेगळ्या पट्ट्यांतले

कोकण, घाटमाथ्याच्या पूर्वेचा मावळपट्टा आणि पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा, असा प्रत्येकी एक तालुका घेतलात तर तुलना खरी होते. उदाहरणार्थ लांजा, भोर आणि आटपाडी. पुण्या-मुंबईपासून दोन-अडीच तासांवरचे मुळशी, मावळ, कर्जत मी यादीतून काढून टाकतो. तिथल्या जमिनीचा भाव शेतीच्या उत्पन्नाशी जोडलेला राहिलेला नाही, आणि शेजारी शेतकरी मिळण्यापेक्षा शनिवार-रविवारचा डीजे मिळण्याची शक्यता जास्त.

तालुका निवडतानाच मोठे प्रकल्प तपासा. पुरंदरचा विमानतळ, पालघरमधलं वाढवण बंदर, पुण्याचा रिंग रोड, नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग, बारसूचा रिफायनरी वाद: यातलं काहीही तुमच्या गावाच्या जवळपास असेल तर भावही फुगलेला असतो आणि मनःशांतीही जाते. गावाचं नाव भूसंपादनाच्या अधिसूचनेत आहे का, हे प्रांत कार्यालयात विचारता येतं.

फिरताना सोबत ठेवा:
- मोजपट्टी, शक्य असेल तर शंभर फुटी
- विहिरीची खोली बघायला दगड बांधलेली दोरी
- मातीच्या नमुन्यांसाठी कापडी पिशव्या आणि मार्कर
- गाव नकाशाची छापील प्रत (मोबाईलला रेंज नसते तेव्हा हीच उपयोगी पडते)
- दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं

३. पाणी: पावसाचा आकडा बघून फसू नका

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. बाहेरून येणाऱ्याला हे खरं वाटत नाही. जांभा दगड सच्छिद्र आहे, उतार तीव्र आहेत आणि नद्या आखूड आहेत. पडलेलं पाणी थोड्याच वेळात खाडीला जाऊन मिळतं. उलट आटपाडी, माण यांसारख्या तालुक्यांत पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण जिथे टेंभूसारख्या उपसा योजनेचं पाणी पोचलं किंवा गावाने पाणलोटाची कामं मन लावून केली, तिथे डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. तेव्हा प्रश्न ‘किती पडतो’ एवढाच नाही. पडलेलं पाणी कुठे थांबतं आणि मे महिन्यात किती उरतं, हे विचारा.

यासाठी तीन गोष्टी मिळवा.

पहिली, टंचाई कृती आराखडा. जिल्हा प्रशासन ऑक्टोबर ते जून या काळासाठी तीन टप्प्यांत तो बनवतं आणि पंचायत समितीत तो बघायला मिळतो. कोणत्या गावाला, कोणत्या वाडीला टँकर लागेल, कुठे विहीर अधिग्रहित करावी लागेल, हे त्यात नावानिशी असतं. गेल्या चार-पाच वर्षांचे आराखडे मागा. एजंट कितीही शपथा घेवो, जी वाडी दरवर्षी त्या यादीत आहे तिथे पाणी नाही.

दुसरी, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माहिती. हा विभाग ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतो आणि पाणलोट क्षेत्रांचं सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित, अतिशोषित असं वर्गीकरण करतो. तुमचं गाव अतिशोषित पाणलोटात असेल तर बोअर मारून पाणी लागलं तरी ते टिकण्याची खात्री नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ प्रमाणे साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, आणि पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. गावच्या नळयोजनेची विहीर तुमच्या बांधाला लागून असेल तर एजंट ‘पाण्याला तोटा नाही’ म्हणून तेच कौतुकाने सांगेल. तुमच्यासाठी ती अडचण आहे.

तिसरी, मे महिन्यातली तुमची स्वतःची फेरी. दोरी घेऊन गावातल्या आठ-दहा विहिरींची पातळी बघा. बायाबापड्यांना विचारा. पाणी किती वाजता येतं, किती हंडे मिळतात, हे घरातली बाई अचूक सांगते. पुरुष ‘तसं बरं आहे’ म्हणून मोकळे होतात. जमिनी दाखवणारे ऑगस्ट-सप्टेंबरात बोलावतात, कारण तेव्हा सड्यावरही (कातळाच्या उघड्या पठारावरही) फुलं असतात. त्या दिवसांत फिरायला खुशाल जा, निर्णय घ्यायला जाऊ नका.

नदीकाठच्या, ‘रिव्हर टच’ जमिनीबाबत जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूणला काय केलं ते तिथल्या दुकानांच्या भिंतींनी बघितलं आहे. नदीकाठच्या गावात पाण्याच्या खुणा विचारल्या तर लोक बोटाने दाखवतात.

४. माती आणि डोंगर

मातीचे नमुने जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब या तीन आकड्यांवर सुरुवातीला भागतं. सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी जमीन दिसायला काळीभोर असते, पण वर्षानुवर्षं ऊसाला भरमसाट पाणी देऊन अनेक ठिकाणी ती क्षारपड झाली आहे. तिथे हा तपास टाळू नका. कोकणात माती आंबट असते, ते आंबा-काजूला चालतं. प्रश्न असतो खोलीचा. पहारेने दोन-तीन ठिकाणी उकरून बघा, कातळ कुठे लागतो.

डोंगरउतारावर घर बांधायचं असेल तर त्याहून महत्त्वाचं काम आहे. आंबेगावातलं माळीण २०१४ मध्ये, महाडमधलं तळिये २०२१ मध्ये आणि खालापूरमधली इर्शाळवाडी २०२३ मध्ये गाडली गेली, तिन्ही जुलैत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाकडे दरडप्रवण गावांची यादी असते. ती बघाच. डोंगराला भेगा आहेत का, झाडं खालच्या बाजूला कललेली आहेत का, वर कुणी सपाटीकरण करून बंगले बांधतंय का, हे डोळ्यांनी बघा. वरच्या मालकाचा जेसीबी तुमच्या घरावर येऊ शकतो.

५. कागद: प्रत्येक तालुक्याची आपली खोड असते

सातबारा वाचायला सगळेच सांगतात. कोणत्या पट्ट्यात सातबाऱ्यावर कोणतं दुखणं सापडतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

कोकणात दुखणं सामायिक नावांचं. एका गट क्रमांकावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारल्यानंतर वारस नोंदच नाही. एजंट म्हणतो, ‘सगळे सह्या करतील, गणपतीत येतात तेव्हा करून घेऊ.’ गणपतीत कुणी सही करत नाही; गणपतीत भांडणं होतात. सरस-निरस वाटप (जमिनीची प्रत बघून केलेली वाटणी) होऊन प्रत्येकाचे पोटहिस्से वेगळे झालेलीच जमीन घ्या. शिवाय खाजगी वनाची नोंद बघा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली सरकारकडे गेलेल्या कित्येक जमिनी आजही मूळ मालक विकायला काढतात. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात तर वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाची बंदी आहे, आणि पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गावांची यादी दिलेली आहे. त्या यादीतलं गाव मला उलट आवडतं, कारण शेजारी खाण येण्याची भीती कमी. पण बांधकामाचे नियम कडक राहतील हे धरून चला.

धरणांच्या लाभक्षेत्रात ‘इतर हक्क’ रकान्यात पुनर्वसनासाठी हस्तांतरबंदी असू शकते. आदिवासी तालुक्यांत, मग ते अकोले असो वा जव्हार, आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. त्यासाठी ‘नोटरी करून’ वगैरे पळवाट सांगणाऱ्याला नमस्कार करून उठा. जुन्या देवस्थानांच्या आसपास इनाम (देवस्थानाला दिलेल्या) जमिनी निघतात, त्याही टाळा. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकण्यावर सरकारी अट असलेली जमीन) लिहिलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, आला.

आणि सगळीकडे सापडणारा सापळा म्हणजे गुंठेवारीचे ‘फार्म प्लॉट’. तुकडेबंदी कायद्याप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचा किमान तुकडा २० गुंठे आणि बागायतीचा १० गुंठे आहे. तरीही पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट पाडून सामायिक सातबाऱ्यावर नाव लावून दिलं जातं. कागदावर तुमचा प्लॉट नसतोच. एका मोठ्या गटात अनोळखी वीस लोकांबरोबर हिस्सा असतो. शहरांलगतच्या भागासाठी अलीकडे ज्या सवलती आल्या, त्या खेड्यातल्या शेतजमिनीला लागू आहेत असं गृहीत धरू नका. घर बांधायच्या हिशेबाने तर एक एकराच्या आत घेऊच नका, कारण प्रादेशिक योजनेच्या हद्दीत त्याखाली फार्महाऊसला परवानगी मिळणं अवघड.

एका गावावर बोट ठेवलंत की हे कागद गोळा करा:
- डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि ८-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा (महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत सातबारा मिळतो)
- सातबाऱ्यावर दिसणाऱ्या प्रत्येक फेरफाराची (हक्कबदलाच्या नोंदीची) नक्कल, जितक्या मागे जाता येईल तितक्या
- गटाचा नकाशा आणि मोजणीची ‘क’ प्रत
- सूची २ चा (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या नोंदींचा) शोध आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट
- झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते कळतं
- तलाठ्याकडून पीकपाहणीच्या नोंदी, म्हणजे प्रत्यक्ष कसतो कोण ते कळतं

मोजणी व्यवहाराआधी विकणाऱ्याकडूनच करून घ्या. ‘हद्द आम्हाला तोंडपाठ आहे’ हे वाक्य ऐकलं की मोजणीची गरज दुप्पट झाली असं समजा.

६. रस्ता आणि वीज

जमिनीपर्यंत गाडी गेली म्हणजे रस्ता आहे असं होत नाही. आज शेजारी जाऊ देतो, उद्या त्याच्या मुलाशी तुमचं बिनसलं की बांधावर काट्या पडतात. गाव नकाशावर पाणंद किंवा शिवरस्ता दाखवलेला आहे का बघा. नसेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, अडवलेल्या जुन्या वहिवाटीसाठी मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५ आहे. हे दोन्ही मार्ग खरे आहेत आणि दोन्ही वेळखाऊ आहेत. गावात येताच शेजाऱ्यावर केस टाकून सुरुवात करायची नसेल तर नकाशात रस्ता असलेलीच जमीन घ्या.

वीज बघताना जवळचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) किती अंतरावर आहे आणि त्यावर किती पंप आहेत ते विचारा. शेतीपंपाची जोडणी आणि घरगुती जोडणी वेगवेगळी. शेतीची लाइन पाळ्यांनी येते आणि तिच्यावर घर चालवणं बेकायदा आहे. पंपासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटाला दहा टक्के हिस्सा भरावा लागतो. कोकणात जून ते सप्टेंबर सौरऊर्जेच्या भरवशावर घर ठेवू नका, इन्व्हर्टर लागेलच.

७. दवाखाना आणि शाळा

प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री डॉक्टर मुक्कामी असतो का, हे दोनच प्रश्न जाऊन विचारा. उत्तर तिथल्या शिपायाकडून घ्या. कोकणात फुरसं सगळीकडे असतं, घोणस आणि मण्यारही. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध कामी येतं, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी याच भागात रुग्ण तपासून दाखवून दिलं. तोवर विंचवाने माणसं सर्रास दगावत होती. रात्री गाडी काढून सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत एकदा स्वतः जाऊन या. पाऊण तासापेक्षा जास्त लागत असेल आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर तो तालुका यादीतून काढा.

मुलं असतील तर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत बहुतेक ठिकाणी ठीक असते. पेच आठवीनंतर पडतो.

८. माणसं, मजूर आणि जनावरं

मजूर कधी मिळतात ते महिन्यानुसार विचारा. बीड, पाथर्डी, आष्टी भागातली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्यात परततात; त्या काळात गावात म्हातारी आणि लहान मुलंच उरतात. कोकणात तरुण मुंबईत आणि आंबा-काजूच्या हंगामात राखणीला नेपाळी कामगार. सावडीने काम करायची पद्धत जिथे टिकून आहे तिथे पैसा नसतानाही लावणी उरकते, पण त्यासाठी आधी तुम्हाला दुसऱ्याच्या शेतात चिखलात उभं राहावं लागतं.

वन्यप्राण्यांचा विचार जमिनीच्या भावाइतका गंभीरपणे करा. कोकणात वानर, माकडं आणि रानडुकरं यांनी भाजीपाला आणि नारळ पिकवणं जिकिरीचं केलं आहे. राधानगरी, आजरा, चंदगडकडे गवे. दोडामार्गात हत्ती. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबटे, तेव्हा शेळ्या पाळायच्या असतील तर बंदिस्त गोठ्याचा खर्च आधीच धरा. वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारलंत तर कोणत्या गावांतून नुकसानभरपाईचे अर्ज जास्त येतात ते कळतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वणवा कुठल्या सड्यावरून येतो हे मात्र गुराखीच सांगेल.

गावात शिरायचा रस्ता सरपंचाच्या घरातून जातो असं सगळे म्हणतात. माझ्या मते आठवडी बाजारातून जातो. तिथे दोन-तीन वेळा जा, भाजी घ्या, कुणाचं कुणाशी पटत नाही ते आपसूक कानावर येतं. तुमच्या गटाच्या विक्रेत्याचं नाव काढल्यावर चहावाल्याचा चेहरा कसा होतो ते बघा.

९. एक पावसाळा भाड्याने राहा

तिन्हींतला एक तालुका ठरला की इसार देण्याआधी तिथे जून ते सप्टेंबर खोली घेऊन राहा. लाइट किती वेळा आणि किती तास जाते, साकवावरून पाणी गेलं की एसटी कुठे थांबते, ओल भिंतीला कुठपर्यंत चढते, बायको-नवरा दोघांनाही एकमेकांशिवाय बोलायला कुणी मिळतं का, हे एका वहीत लिहीत जा. दोघांपैकी एकाचाच उत्साह असेल तर तो ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उघड होतो.

पावसाळ्यानंतरही मन तिथेच असेल तर वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, हरकतीची मुदत जाऊ द्या आणि मगच नोंदणीकृत साठेखत (खरेदीआधीचा करार) करा. नोटरीवरचं साठेखत करू नका, कितीही घाई सांगितली तरी. खरेदीखतानंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव येईपर्यंत तलाठी कार्यालयाचा पाठपुरावा सोडू नका; नोंदीवर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते आणि भाऊबंदांपैकी कुणी ना कुणी तेवढ्यात येऊन जातो.

भाड्याने राहताना करार घराचाच करा. जमीन कसायला भाड्याने मागितलीत तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने बहुतेक लोक तोंडावर नकार देतील, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.